निर्गुडीचा गुण : अनुभवास कसोटीची जोड हवी

औंधच्या यमाईच्या डोंगरावरून खाली पाहिले असता खटाव तालुक्याचा जो मुलूख दृष्टीस पडतो, तो कमी पावसाचा व हलक्या जमिनीचा आहे. अशा मुलखात ओढ्याच्या काठी, बांधावर आणि गायरानाच्या कडेला जी मोजकी झुडपे बारा महिने तग धरून असतात, त्यांत निर्गुडीची गणना करावी लागेल. शेळ्यामेंढ्या तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणास ती सोयीची. तिचा वाळलेला पाला धान्याच्या कणगीत घालण्याची चाल जुनी आहे. पिकांवरील किडींसाठी आपण जो दशपर्णी अर्क करतो, त्याच्या दहा पाल्यांतही तिला स्थान आहे. तथापि तिची खरी कीर्ती आहे ती दुखण्यावरील औषधी म्हणून. गुडघा धरला, पाय मुरगळला, बाळंतिणीची कंबर भरून आली किंवा बैलाचा खांदा सुजला, की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधावा अथवा त्याच्या काढ्याने शेकावे, ही रीत आपल्याकडे घरोघर आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही निर्गुडी व तिचे तेल वातविकारांवर सांगितलेले आहे.

ही कीर्ती खरी किती आणि ऐकीव किती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. काहींना तो विचारणे म्हणजे वाडवडिलांच्या ज्ञानाचा अपमान वाटतो. तर काही सुशिक्षितांना झाडपाल्याच्या औषधाची परीक्षा घेणे हाच वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या मते या दोन्ही भूमिका शेतकऱ्याच्या हिताच्या नाहीत. ज्या औषधावर गावचा विश्वास आहे, त्याची कसून परीक्षा झाली पाहिजे. आणि जोपर्यंत ती पुरी झालेली नाही, तोपर्यंत त्याच्या गुणाबरोबर त्याची मर्यादा सांगणे हे आपणा गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. हे मत मला पुस्तक वाचून सुचलेले नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने ते मला शिकविले.

एका खोंडाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी या भागातील एका वाडीवर दशपर्णी अर्काचे प्रात्यक्षिक मी घेतले होते. पाल्यांची ओळख करून देता देता निर्गुडीपाशी आलो आणि सभेचे मन राखण्याच्या भरात बोलून गेलो, “सुजेवर हिच्यासारखे औषध नाही, माणसाला चालते आणि जनावरालाही.” सभेने माना डोलावल्या. मलाही आपण लोकांच्या ज्ञानाचा गौरव केला असे समाधान वाटले.

पुढील पावसाळ्याच्या आरंभी त्या वाडीवरील एका शेतकऱ्याचे दोन वर्षांचे धष्टपुष्ट खिलार खोंड मागल्या पायाने लंगडू लागले. मांडीवर सूज होती व ती तापलेली होती. त्याने दिवसभर आणि रात्रभर निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. दुसऱ्या दिवशी सूज थंड पडलेली पाहून त्याला वाटले, गुण आला. वस्तुतः तो फऱ्या रोग होता. त्यात सुजेखालचे मांस सडू लागते, हात दाबला असता कातडीखाली वायूचा चरचर आवाज येतो, आणि पुढे सूज थंड व बधिर होते ती रोग बळावल्याची खूण असते. पशुवैद्यकाला बोलाविले तेव्हा उशीर झालेला होता. आरंभीच्या काही तासांत पेनिसिलीनचे उपचार मिळते, तर खोंड वाचण्याचा संभव होता. आणि पावसाळ्यापूर्वी लस टोचलेली असती, तर बहुधा हा प्रसंगच आला नसता.

मी भेटावयास गेलो तेव्हा त्या शेतकऱ्याने मला घोंगडीवर बसविले, चहा दिला आणि शांतपणे म्हटले, “सायेब, पाला बांधायला तुमीच सांगितलं हुतं.” त्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. मी निर्गुडीचा गुण सांगितला होता, पण कोणत्या सुजेवर आणि कोणत्या सुजेवर नाही, हे सांगितले नव्हते. सांगणार तरी कसे? मी ते स्वतःलाही कधी विचारले नव्हते.

गुण आला म्हणजे औषध लागू पडले काय?

आपली फसगत कोठे होते ते नीट पाहिले पाहिजे. पुष्कळशी दुखणी आपोआप बरी होतात. मुरगळलेला पाय विश्रांतीने आठ-पंधरा दिवसांत उतरतो. संधिवाताचे दुखणे तर भरती-ओहोटीसारखे चढते व उतरते. आणि माणूस औषध घेतो ते दुखणे शिगेला पोचल्यावर, म्हणजे ओहोटी लागण्याच्या सुमारास. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा मी शाळेत होतो. सांधे धरलेल्या माणसांनी कोणी निर्गुडीचा काढा घेतला, कोणी गुळवेल घेतली, कोणी दुकानातून गोळ्या आणल्या. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी झाले आणि ज्याने जे घेतले होते, त्याने त्याचे गुण गाइले. काहींचे सांधे मात्र महिनोन्‌महिने दुखत राहिले. त्यांनी काय घेतले होते, हे कोणी विचारले नाही. यशाची वार्ता गावभर होते आणि अपयश घरातच राहते. अनुभव खोटा नसतो, पण तो एकांगी असतो.

नव्या वाणाच्या बाबतीत आपण असे कधी करीत नाही. एका शेतकऱ्याच्या एका वाफ्यात ज्वारी जोमदार आली, एवढ्यावरून कोणताही जाणता माणूस तो वाण साऱ्या तालुक्याला सुचवीत नाही. जमीन, खत, पाणी सारखे ठेवून शेजारी जुना वाण पेरावा लागतो आणि दोहोंचे उत्पन्न काट्यावर तोलावे लागते. औषधाची कसोटी याच तत्त्वावर चालते.

अर्काची परीक्षा कशी होते?

प्रथम झाडाची ओळख पटवितात. निर्गुडीच्या एका देठावर तीन ते पाच पर्णिका असतात, त्यांची खालची बाजू पांढुरकी दिसते, फुले लहान व निळसर जांभळी असतात आणि पान चुरगाळले की उग्र वास येतो. तरीही वनस्पतिशास्त्रज्ञाकडून खात्री करून फुलोऱ्यासह नमुना वाळवून जपून ठेवावा लागतो. नंतर पाने सावलीत वाळवून त्यांची भुकटी करतात व पाण्यात किंवा मद्यार्कात तिचा अर्क काढतात. पाण्यात जे उतरते ते सारेच मद्यार्कात उतरते असे नाही. म्हणून “निर्गुडीचा अर्क” एवढे नाव पुरेसे होत नाही. कोणत्या महिन्यातील पाने, कशात काढलेला अर्क, त्यात मुख्य द्रव्यांचे प्रमाण किती, हे सांगावे लागते. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती व शुद्धता लिहिलेली असावी असा आपला आग्रह असतो. हा आग्रह त्याच जातीचा आहे.

मग नीतिसमितीच्या अनुमतीने प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांवर चाचणी होते. सुजेसाठी सर्वांत रूढ पद्धत १९६२ साली अमेरिकेतील विंटर, रिझ्ली व नस या संशोधकांनी प्रसिद्ध केली. तांबड्या समुद्रशेवाळापासून मिळणारे कॅराजिनन नावाचे द्रव्य उंदराच्या पंजात अल्प प्रमाणात टोचतात. त्यामुळे काही तासांत पंजा सुजतो. पंजा द्रवात बुडविला असता किती द्रव वर सरकतो, यावरून सूज तासातासाला मोजतात. उंदरांचे गट पाडलेले असतात : एकास नुसते पाणी, दुसऱ्यास नावाजलेले औषध आणि बाकीच्यांस अर्काच्या निरनिराळ्या मात्रा. वेदनेसाठी प्राण्यास ठराविक उष्णतेच्या तबकडीवर ठेवून तो किती सेकंदांत पाय उचलतो किंवा चाटतो हे पाहतात, आणि इजा होण्यापूर्वीच त्यास बाजूला घेतात. अर्क कोणत्या मात्रेपासून अपायकारक होतो, याचीही स्वतंत्र परीक्षा होते.

निर्गुडी या कसोटीस उतरली काय? काही अंशी निश्चित उतरली. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जून, ताज्या पानांचा पाण्यातील अर्क उंदरांस तोंडावाटे दिला असता सूज व वेदना या दोहोंवर परिणाम दिसून आला. जम्मूच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००६ साली आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखविली. पानांच्या अर्काची अपुरी मात्रा आणि नेहमीच्या सूजनाशक औषधाची अपुरी मात्रा एकत्र दिल्यास उंदरांत दोहोंचा मिळून चांगला परिणाम होतो. म्हणजे पुढेमागे अशा जोडीने नेहमीच्या औषधाची मात्रा कमी करता येईल, अशी आशा धरण्यास जागा आहे.

आपल्या आजीबाईंचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते, हे यावरून दिसते आणि त्याचा आनंद मानावा. परंतु येथेच थांबून चालणार नाही. उंदराच्या पंजाची चार तासांची सूज म्हणजे माणसाचा दहा वर्षांचा गुडघा नव्हे. उंदरास वजनी लागू पडलेली मात्रा सरळ गुणाकार करून माणसास वा बैलास देता येत नाही. शिवाय हे प्रयोग पोटात दिलेल्या अर्काचे आहेत. आपण बांधतो तो गरम पाला. त्यात पाल्याचा गुण किती आणि शेकाच्या उष्णतेचा किती, हे या प्रयोगांवरून सांगता येत नाही.

ही कसोटी शेतातूनच आली आहे

औषधाची ही काटेकोर परीक्षा म्हणजे शहरी डॉक्टरांची काही परकी कल्पना आहे, असे शेतकरी बंधूंनी समजू नये. चिठ्ठ्या टाकून तुकडे निवडावेत, म्हणजे प्रयोग करणाऱ्याच्या मनातील कल निकालात शिरत नाही, हे तत्त्व रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात १९२० नंतरच्या दशकात शेताच्या तुकड्यांवर काम करताना मांडले. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन या औषधाची १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील प्रख्यात चाचणी याच तत्त्वावर रुग्णांची वाटणी करून घेण्यात आली होती.

आणि यात आपल्या मातीचाही वाटा आहे. शेतीच्या संख्याशास्त्रात जगन्मान्य झालेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. औंध ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील हे गाव. पीक कापणी प्रयोगासाठी शेत व तुकडा कोणाच्या मर्जीने न ठरविता यदृच्छया निवडण्याची जी पद्धत भारतात रुजली, तिच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. डॉ. पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेला शेतकी कार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली निघाला व तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला. पीक कापणीच्या वेळी चांगला दिसणारा तुकडा निवडण्याचा मोह आपण आवरतो. औषधाचे गुण सांगताना चांगला निघालेला रुग्ण तेवढा निवडण्याचा मोह आपण आवरीत नाही. हा भेद का असावा?

गरज खरी आहे

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर जनावरांच्या औषधांच्या अलीकडच्या इतिहासात आहे. जनावरांची सूज व ठणका यांवर डायक्लोफिनॅक हे औषध एकेकाळी सर्रास वापरले जाई. ते दिलेले जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनाने हे कारण उघड केले, तोवर भारतीय उपखंडातील बहुसंख्य गिधाडे नाहीशी झाली होती. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांचीही त्यात भर पडली. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांस निर्धोक ठरलेले औषध उपलब्ध आहे, आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने तेच वापरावे. तथापि स्वस्त व निर्धोक अशा आणखी औषधांची गरज संपलेली नाही.

माणसांची स्थिती याहून बरी नाही. खुरपणीला दिवसभर वाकणाऱ्या आपल्या भगिनी संध्याकाळी दुकानातून दुखण्याची गोळी घेतात व वर्षानुवर्षे घेत राहतात. अशा गोळ्या सतत घेतल्याने पोटात व्रण होतो आणि मूत्रपिंडांस इजा पोहोचते. ह्या भीतीने जो तो “आयुर्वेदिक” म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांकडे वळतो. आणि अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा तीच दुखण्याची औषधे गुपचूप मिसळलेली असल्याचे तपासण्यांत अनेकदा आढळले आहे. कसोटी न घेता दिलेले मोठेपण शेवटी अशा ठकांच्या पथ्यावर पडते.

काय करता येईल?

माझी पहिली सूचना संस्थांस आहे. सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय आणि कराड येथे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. बैलांच्या खांदेसुजेवर निर्गुडीच्या मलमाची साधी पण निर्दोष चाचणी या दोहोंच्या सहकार्याने व्हावी. खांदेसूज झालेल्या बैलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकास निर्गुडीचे मलम आणि दुसऱ्यास दिसण्यात व वासात तसेच, पण निर्गुडीविरहित मलम लावावे. दोन्ही गटांतील बैलांना जूपासून सारखीच विश्रांती द्यावी, कारण विश्रांतीने खांदा आपोआपही उतरतो. ज्याला कोणते मलम कोणत्या बैलास लागले हे ठाऊक नाही, अशा माणसाने सूज मोजावी. निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो गावसभेत येऊन सांगावा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जिवापाड जपलेली खिलारे घेऊन येणारा शेतकरी अशा प्रयोगास सहकार्य करणार नाही, असे मला वाटत नाही. प्रयोगास औंधइतके योग्य स्थान दुसरे कोणते? १९३९ साली या संस्थानच्या राजाने कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपविला होता. आपल्या गोष्टींचा निवाडा आपण करण्याची परंपरा येथे आहे.

दुसरी सूचना कार्यकर्त्यांस आहे. गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांकडून औषधी झाडांची माहिती घेताना झाडाचा भाग, ऋतू, कृती, वजन, किती दिवस दिले आणि सोबत दुसरे काय घेतले, हे सारे लिहून घ्यावे. गुण न आलेली उदाहरणेही तितक्याच आस्थेने लिहावीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते; ही माहिती देणाऱ्यांच्या संमतीने तीत जावी. लिहिलेल्या नोंदीचे मोल हळदीच्या प्रकरणात दिसून आले आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायास अमेरिकेत १९९५ साली पेटंट मिळाले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. ज्या सांगलीच्या पेठेत हळदीचे ढीग लागतात, तेथील तोंडी साक्ष त्या ठिकाणी पुरी पडली नसती. मात्र कार्यकर्त्यांनी स्वतःच्या बुद्धीने माणसांवर किंवा जनावरांवर पोटात देण्याचे प्रयोग करू नयेत. ते काम परवानगी असलेल्या संस्थांचे आहे.

तिसरी सूचना शेतकरी बंधुभगिनींस. साध्या मुरगळीवर वा थकव्याच्या दुखण्यावर निर्गुडीच्या पाल्याने सोसवेल इतपत शेकण्यास हरकत नाही. परंतु पुढील लक्षणे दिसताच पाला बाजूला ठेवून प्रथम पशुवैद्यकास बोलवावे : जनावरास ताप असणे, त्याने चारा टाकणे, एकाएकी लंगडणे, सूज दाबली असता चरचर आवाज येणे, कास सुजून दूध फाटणे. फऱ्याची लस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. माणसाच्या बाबतीत सांधा लाल होऊन ताप येणे, किंवा पायाची पोटरी एकाएकी सुजणे, ही दवाखान्यात जाण्याची लक्षणे आहेत. गरोदर स्त्रियांनी व मुलांनी वैद्यकीय सल्ल्याविना काढा पोटात घेऊ नये. आणि बांधावरची निर्गुडी समूळ उपटू नये. फांदीपासून ती सहज लागते, पावसाळ्याच्या आरंभी चार कलमे ओढ्याकाठी लावावीत.

आता प्रात्यक्षिकात निर्गुडीपाशी आलो, की तिचा गुण मी आजही सांगतो. श्रीलंका व जम्मू येथील प्रयोगही सांगतो. परंतु त्यानंतर थांबून फऱ्याची लक्षणे सांगतो आणि लस किती जणांनी टोचून घेतली आहे ते हात वर करून विचारतो. सभेच्या माना पूर्वीइतक्या डोलत नाहीत, हे खरे. गेल्या पावसाळ्यापूर्वी त्याच वाडीवर लसीकरणाचा दिवस ठरला, तेव्हा रांगेत सर्वांत पुढे ज्याचे नवे खोंड उभे होते, तो तोच शेतकरी होता.